करंटभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा : आधी प्रश्न ठरवा, मग हात उचला

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नागपुरातच आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहात. पुस्तकात सरळ तारेसाठी उजव्या हाताचा अंगठा म्हणजे करंट, आणि पान उलटलं की नालकुंतलासाठी (तारेच्या लांब कॉइलसाठी) तोच अंगठा म्हणजे चुंबकीय क्षेत्र. पुढे मोटरसाठी डावा हात, जनरेटरसाठी परत उजवा. खरं काय ते स्वतःच बघावं म्हणून तुम्ही सेल, तार आणि होकायंत्र घेऊन बसलात, तर सुई एका वेळी वळली, दुसऱ्या वेळी जागची हलली नाही, आणि चालू कूलरच्या वायरीजवळ नेली तर ढिम्म. त्यात भर म्हणून घरच्या कूलरची मोटर रिवाइंड होऊन (आतली तार नव्याने गुंडाळून) आली ती उलटी फिरते आहे आणि प्लगच्या पिना अदलाबदल करूनही उलटीच फिरते. शेवटी विचारलंत, "नेमका कोणता हात कधी वापरायचा?"

मी हिंगणा एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगचं आणि पॅनलचं काम करतो. होळीच्या आसपास कूलरच्या मोटरी ढिगाने यायला लागतात, आणि दर वर्षी नवी शिकाऊ पोरंही येतात. हातांचा हा घोळ त्यांच्यात बहुतेकांचा असतो. मार्क चांगले पडलेल्यांचा जरा जास्तच, कारण त्यांनी सगळे नियम पाठ केलेले असतात. माझं म्हणणं असं की प्रश्न काय आहे हे ठरायच्या आधीच हात वर जातो, आणि तिथेच सगळं बिनसतं.

इथे तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. तारेतून करंट वाहतो तेव्हा तिच्याभोवती क्षेत्र कोणत्या दिशेने तयार होतं, हा पहिला. दुसऱ्या कुठल्या तरी चुंबकाचं क्षेत्र आधीच आहे, त्यात करंटवाली तार ठेवली तर तिला धक्का कुठे बसेल, हा दुसरा. आणि त्या क्षेत्रात तार आपणच हलवली तर तिच्यात करंट कुठल्या दिशेने निघेल, हा तिसरा. पहिल्यात तार क्षेत्र तयार करते, दुसऱ्यात ती दुसऱ्याचं क्षेत्र सोसते. फ्लेमिंगचे दोन्ही हात, म्हणजे पुस्तकातला मोटरचा डावा आणि जनरेटरचा उजवा, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे आहेत. तुमच्या होकायंत्राच्या प्रयोगाशी त्यांचा काही संबंध नाही. तो प्रयोग करताना डावा हात खिशात ठेवला तरी चालेल.

आता पहिलाच प्रश्न घेऊ. त्यातही हात उचलायच्या आधी दोन गोष्टी पक्क्या करायच्या. एक, करंट कुठून कुठे. सेलच्या बाहेरच्या तारेत तो अधिक टोकाकडून उणे टोकाकडे धरायचा, हा ठरलेला रिवाज आहे. काही व्हिडिओंमध्ये इलेक्ट्रॉन ज्या दिशेने सरकतात ती दिशा धरतात आणि मग उजव्याऐवजी डावा हात वापरतात. तेही चुकीचं नाही, उत्तर तेच येतं. पण इलेक्ट्रॉनची दिशा एकाकडून आणि हात दुसऱ्याकडून घेतला की उत्तर हमखास उलटं येणार. आपल्याकडची सगळी पुस्तकं अधिककडून उणेकडे जातात, तेच धरून चला.

दुसरी गोष्ट, तुम्ही कोणत्या जागेची दिशा विचारताय. "या तारेच्या क्षेत्राची दिशा कोणती" हा प्रश्नच अर्धा आहे. क्षेत्र तारेभोवती गोल फिरतं, त्यामुळे तारेच्या वर ते पूर्वेला असेल तर खाली पश्चिमेला असतं. तारेच्या एका अंगाला ते वर जातं, दुसऱ्या अंगाला खाली येतं. सुई तारेखाली ठेवली की एकीकडे वळते आणि तारेवर ठेवली की दुसरीकडे, यात नियम मोडलेला नाही. जागा बदलली म्हणून उत्तर बदललं.

हे दोन ठरले की मग हात. खरं सांगायचं तर मी स्वतः हातापेक्षा स्क्रूवर जास्त जातो, कारण कामावर स्क्रू ड्रायव्हर हातात असतोच. साधा स्क्रू आवळताना तो आपल्यापासून दूर, आत जातो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. करंट तुमच्यापासून दूर जात असेल तर क्षेत्र घड्याळाच्या दिशेने. तुमच्याकडे येत असेल तर स्क्रू सैल करताना फिरतो तसं, उलट्या दिशेने. मॅक्सवेलच्या नावाने पुस्तकात जो उजव्या स्क्रूचा नियम असतो तो हाच. आकृतीत तारेच्या छेदात फुली असली तर करंट कागदात शिरतोय आणि ठिपका असला तर बाहेर येतोय, हेही लगे हात लक्षात ठेवा. ठिपका म्हणजे समोरून येणाऱ्या बाणाचं टोक, फुली म्हणजे दूर जाणाऱ्या बाणाची मागची पिसं.

अंगठ्याचा अर्थ नालकुंतलासाठी का बदलतो, ही तुमची मुख्य तक्रार. तो बदलत नाही, फक्त तसं वाटतं. करंट आणि क्षेत्र या दोघांपैकी एक सरळ जाणारं असतं आणि दुसरं त्याच्याभोवती गोल फिरणारं. जे सरळ जातं त्याला अंगठा द्या, जे फिरतं त्याला बोटं द्या. सरळ तारेत करंट सरळ आणि क्षेत्र गोल. कॉइलमध्ये करंट गोल आणि आतलं क्षेत्र सरळ. नियम एकच, हात एकच.

विश्वास बसत नसेल तर एक तार घेऊन तिचं कडं करा आणि टेबलावर आडवं ठेवा. करंट वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरतोय असं धरा. तुमच्या जवळच्या कडेला तो डावीकडून उजवीकडे जाईल. तिथे सरळ तारेचाच नियम लावा, अंगठा उजवीकडे. कड्याच्या आतल्या बाजूला बोटं वर येताना दिसतील. आता उजव्या कडेला या. तिथे करंट तुमच्यापासून दूर जातोय, अंगठा समोर करा. कड्याची आतली बाजू आता डावीकडे आहे, आणि तिथेही बोटं वरच येतात. पलीकडच्या आणि डाव्या कडेलाही तेच. म्हणजे कड्याचा प्रत्येक तुकडा आपापल्या परीने आतल्या जागेत क्षेत्र वरच ढकलतो. आता बोटं कड्यावरून करंटसोबत फिरवली तर अंगठाही वरच येतो. दोन पानांवरचे दोन नियम इथे एकमेकांना भेटतात. हे एकदा हाताने केलं की पुन्हा पाठ करावं लागत नाही.

यातूनच एक कामाची गोष्ट निघते. कॉइलच्या तोंडाकडे समोरून बघा. करंट घड्याळाच्या उलट फिरताना दिसला तर ते तोंड उत्तर ध्रुव, घड्याळाच्या दिशेने दिसला तर दक्षिण. नवी पोरं इथे एका ठिकाणी हटकून अडतात. कॉइलचा पहिला थर डावीकडून उजवीकडे गुंडाळत नेला आणि दुसरा थर उजवीकडून डावीकडे परत आणला, तर दुसरा थर पहिल्याला खोडेल का? खोडणार नाही. तार डावीकडे सरकली की उजवीकडे, याने जवळजवळ काही फरक पडत नाही. ती कोणत्या दिशेने फिरतेय एवढंच बघायचं. फिरवण्याची दिशा तीच ठेवली तर थरांवर थर चढवा, क्षेत्राची बेरीजच होते.

आता तुमच्या प्रयोगाकडे. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही, पण पृथ्वी हिशेबात धरायची राहिली. होकायंत्राच्या सुईवर आधीपासूनच पृथ्वीच्या क्षेत्राचा ताबा असतो. नागपूरच्या परिसरात त्याचा आडवा भाग सुमारे ४० मायक्रोटेस्लाच्या (हे क्षेत्राची ताकद मोजायचं माप) घरात आहे. सुई कधीच नुसत्या तारेचं ऐकत नाही. ती पृथ्वी आणि तार या दोघांची मिळून जी दिशा येईल तिकडे तोंड करते.

तारेचं क्षेत्र किती, याचा हिशेब सोपा आहे. लांब सरळ तारेसाठी, अँपिअरला ०.२ ने गुणा आणि मीटरमधल्या अंतराने भागा, उत्तर मायक्रोटेस्लामध्ये येतं. २ अँपिअर करंट आणि सुई १ सेंटिमीटरवर, तर ४० मायक्रोटेस्ला. म्हणजे पृथ्वीच्या बरोबरीचं, त्यामुळे सुई साधारण ४५ अंश वळेल. तीच सुई ५ सेंटिमीटरवर नेली तर क्षेत्र उरतं ८, आणि सुई वळते जेमतेम ११ अंश. लांबून बघितलं तर हललीच नाही असं वाटेल.

पण तुमची सुई जवळ असूनही हलली नाही, त्याचं कारण बहुधा तारेची मांडणी. करून बघा. लाकडी टेबल घ्या, लोखंडी नको. मोबाइल, पक्कड, स्पीकर लांब ठेवा. सुई स्थिर होऊ द्या आणि तार सुईच्या वर, तिच्याच रेषेत म्हणजे दक्षिणोत्तर धरा. करंट दक्षिणेकडून उत्तरेकडे सोडा. स्क्रूचा हिशेब लावा: करंट उत्तरेकडे, तुम्ही दक्षिणेकडून बघताय, क्षेत्र घड्याळाच्या दिशेने, म्हणजे तारेच्या वर पूर्वेकडे आणि तारेच्या खाली पश्चिमेकडे. सुई खाली आहे, तेव्हा तिचं उत्तर टोक पश्चिमेला वळेल. होकायंत्र उचलून तारेवर ठेवलं तर पूर्वेला. सेल उलटा केला की दोन्ही उत्तरं उलटी.

आता तीच तार पूर्व-पश्चिम धरा, सुई खालीच. करंट पूर्वेकडे जाऊ द्या. या वेळी तारेखालचं क्षेत्र येतं उत्तरेकडे. सुई आधीच उत्तरेकडे बघतेय, ती कशाला हलेल? करंट पश्चिमेकडे केला तर तारेखालचं क्षेत्र दक्षिणेकडे होतं, पण ते पृथ्वीपेक्षा कमी पडलं तर सुई तरीही उत्तरेलाच राहते. जास्त झालं तर मात्र एकदम गरकन फिरून पाठ करते. क्षेत्र तिथे होतंच, पण सुईने ते दाखवावं अशी मांडणी नव्हती.

१८२० साली कोपनहेगनमध्ये ओरस्टेडने तारेजवळ सुई वळते हे जगाला दाखवलं, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये अँपिअरने त्यावर झपाट्याने काम केलं. दिशा लक्षात ठेवायला त्याने सांगितलेली युक्ती मला हातापेक्षा गमतीदार वाटते. समजा एक माणूस तारेतून करंटच्या दिशेने पोहतोय आणि त्याचं तोंड सुईकडे आहे. सुईचं उत्तर टोक त्याच्या डाव्या हाताकडे वळतं. वरच्या मांडणीत हा गडी उत्तरेकडे पोहतोय, सुई खाली म्हणून तो पालथा, तेव्हा डावा हात पश्चिमेला. उत्तर जुळलं. तुम्ही नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या काठावर लहानाचे मोठे झाला असाल तर कदाचित हीच युक्ती डोक्यात पक्की बसेल.

प्रयोगासाठी साधा पेन्सिल सेल घ्या, क्षणभर जोडा आणि काढा. तार थेट सेलवर म्हणजे शॉर्टच असतो, धरून ठेवलं तर तार आणि सेल दोन्ही तापतात. इन्व्हर्टरची बॅटरी किंवा मोबाइलचा, पॉवर बँकेचा लिथियम सेल यासाठी कदापि वापरू नका. आणि होकायंत्र स्वस्तातलं असेल तर आधी त्याची उत्तर खरोखर उत्तरच आहे का, हे सकाळच्या उन्हावर किंवा मोबाइलच्या नकाशावर ताडून घ्या. जोरदार चुंबकाजवळ पडून राहिलेल्या सुईचे ध्रुव उलटलेले मी बघितले आहेत. अशी सुई प्रत्येक उत्तर आत्मविश्वासाने उलटं देते.

कूलरच्या वायरीचं प्रकरण वेगळं. तिथे सुई न हलण्याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही एकाच वेळी लागू आहेत. पहिलं, घरचा पुरवठा ५० हर्ट्झचा एसी, करंट सेकंदाला १०० वेळा दिशा पालटतो. सुई जड आहे, तिला इतक्या वेळा मागे-पुढे होणं जमत नाही. ती सरासरी घेते आणि सरासरी शून्य. म्हणून "एसी तारेच्या क्षेत्राची दिशा कोणती" असं विचारायचंच असेल तर अमुक एका क्षणी करंट कुठे होता तेही सांगावं लागतं. नियम त्या क्षणापुरता तोच.

दुसरं कारण कामावर रोज भेटतं. कूलरच्या वायरीत दोन तारा शेजारी शेजारी असतात, एकीतून करंट जातो, दुसरीतून तेवढाच परत येतो. दोघांची क्षेत्रं एकमेकांविरुद्ध, बाहेर जवळपास काही उरत नाही. क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं मीटर) अख्ख्या केबलभोवती लावून "करंटच येत नाही" म्हणणारा शिकाऊ दर वर्षी एक तरी निघतोच. क्लॅम्प एकाच तारेभोवती लावायचा असतो. घरातली आरसीसीबी (करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) याच तत्त्वावर चालते. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर तिच्या गाभ्यात क्षेत्र शून्य. कुणाच्या अंगातून थोडा करंट जमिनीकडे पळाला की दोघांचा मेळ तुटतो, क्षेत्र उरतं आणि ती ट्रिप होते. मोठ्या पॅनलमध्ये सिंगल कोअर (आत एकच तार असलेल्या) केबल लोखंडी ग्लँड प्लेटच्या, म्हणजे केबल आत घ्यायच्या पत्र्याच्या, वेगवेगळ्या भोकांतून नेल्या तर प्लेट तापून हात लावू देत नाही, त्याचंही कारण हेच: भोकाभोवतीच्या लोखंडात एकट्या तारेचं क्षेत्र फिरत राहतं, त्याला खोडायला दुसरी तार त्या भोकात नसते. म्हणून तिथे ॲल्युमिनियमची प्लेट लावतात किंवा सगळ्या केबल एकाच मोठ्या भोकातून काढतात.

जाणारी आणि येणारी वाट लांब लांब असली तर काय होतं, त्याचं आपल्या राज्यातलं उदाहरण म्हणजे कुलाब्याची वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी तिथे एकोणिसाव्या शतकापासून होत होत्या. मुंबईत विजेवरची ट्राम येणार असं ठरलं तेव्हा तिच्या अशा लांब लांब वाटांनी जाणाऱ्या-येणाऱ्या करंटमुळे नोंदी बिघडतील म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. १९०४ पासून नोंदी तिथे सुरू झाल्या, आणि ट्राम १९०७ मध्ये धावली. म्हणजे ट्राम येण्याआधीच सुया समुद्रापलीकडे पोहोचल्या होत्या.

पुढे जाण्याआधी इथवरचं एकदा गोळा करू. करंट अधिककडून उणेकडे धरायचा. कोणत्या जागेची दिशा हवी ते ठरवायचं. सरळ जाणाऱ्याला अंगठा, फिरणाऱ्याला बोटं. सुई वापरत असाल तर पृथ्वीचा वाटा विसरायचा नाही, आणि एसीवर सुई वापरायची नाही.

आता हे सगळं मोटरमध्ये कुठे लागतं ते. रिवाइंड केलेला स्टेटर (मोटरचा न फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) वार्निशला देण्याआधी आम्ही त्याचे पोल, म्हणजे ध्रुव, तपासतो. कूलरची मोटर साधारण १४०० आरपीएमची असेल तर ती चार पोलची. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, काढलेला असतो. मेन वाइंडिंगच्या (तारेच्या मुख्य गुंडाळीच्या) दोन टोकांना १२ व्होल्टची बॅटरी, मध्ये एक बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे करंट आटोक्यात राहतो. स्टार्टिंग वाइंडिंग (मोटर सुरू करून देणारी दुसरी गुंडाळी) मोकळी ठेवायची. मग छोटं होकायंत्र स्टेटरच्या आतून दातांच्या (आतल्या बाजूला पुढे आलेल्या लोखंडाच्या) जवळून हळूहळू फिरवायचं. एका ग्रुपच्या (एकत्र जोडलेल्या कॉइलींच्या) मधोमध सुईचं एक टोक दातांकडे खेचलं जातं, पुढच्या ग्रुपवर दुसरं टोक, तिसऱ्यावर परत पहिलं. उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असं एक चक्कर झालं की वाइंडिंगची जोडणी बरोबर.

इथे एक बारकावा आहे. सुईचं उत्तर टोक ज्या दातांकडे खेचलं जातं तिथे स्टेटरचा दक्षिण ध्रुव असतो. क्षेत्र उत्तर ध्रुवातून बाहेर पडतं, आणि सुईचं उत्तर टोक क्षेत्राच्या दिशेने तोंड करतं, म्हणजे उत्तर ध्रुवाकडे पाठ. नुसता क्रम तपासायला याने फरक पडत नाही, पण कॉइलकडे बघून हाताने काढलेला ध्रुव सुईशी जुळवायला गेलात तर याच जागी "नियम उलटा निघाला" असं वाटेल.

शेजारचे दोन ग्रुप एकसारखे दाखवले तर एक ग्रुप उलटा जोडला गेलाय. अशी मोटर चालू केली तर घुमते, करंट खाते, तापते, पण वेग घेत नाही. सगळे ग्रुप एकाच दिशेने गुंडाळलेले असतील तर शेजारच्या पोलांची जोडणी शेवटाला शेवट आणि सुरुवातीला सुरुवात अशी करावी लागते, म्हणजे एकात करंट घड्याळाच्या दिशेने आणि पुढच्यात उलट. पण हे सगळ्या मोटरींना डोळे मिटून लावू नका. काही मोटरींत चार पोलसाठी दोनच ग्रुप असतात आणि दोन्ही एकाच ध्रुवाचे ठेवतात; मधल्या जागेत विरुद्ध ध्रुव आपोआप तयार होतात. तिथे ग्रुपवर सारखीच दिशा दिसणं बरोबर आहे. सुई ग्रुपच्या मधल्या जागेतूनही फिरवली की शंका फिटते.

डाव्या हाताबद्दल थोडक्यात. दुसऱ्याच्या क्षेत्रातल्या तारेवर धक्का कुठे, एवढ्यापुरताच तो आहे: तर्जनी क्षेत्र, मधलं बोट करंट, अंगठा धक्का. परीक्षेत हेच लिहा, फ्लेमिंगचं नाव टाकून लिहा, मार्क त्याला आहेत. मी मात्र उजव्याच हाताने काम भागवतो: चारही बोटं करंटच्या दिशेने ताठ, मग ती क्षेत्राकडे वळवायची, अंगठा धक्का दाखवतो. दोन्हींचं उत्तर एकच. तपासायला एक सोपं उदाहरण घ्या. दोन तारा शेजारी, दोन्हींत करंट तुमच्यापासून दूर. डाव्या तारेचं क्षेत्र घड्याळाच्या दिशेने, म्हणजे उजव्या तारेच्या जागी ते खाली जातं. इथपर्यंत पहिला प्रश्न. आता उजवी तार त्या क्षेत्रात आहे, करंट समोर, क्षेत्र खाली: धक्का डावीकडे, पहिल्या तारेच्या दिशेने. एकाच दिशेचे करंट एकमेकांना ओढतात, विरुद्ध दिशेचे ढकलतात. १९४८ पासून २०१९ पर्यंत अँपिअरची व्याख्याच या ओढीवर बेतलेली होती. पॅनलमध्ये शॉर्ट झाला की बसबार (करंट नेणाऱ्या जाड धातूच्या पट्ट्या) वाकतात, सपोर्ट तुटतात, ते याच धक्क्यापायी. करंट दहापट झाला की धक्का शंभरपट होतो.

आता तुमची उलटी फिरणारी मोटर. तिच्यात दोन वाइंडिंग असतात, मेन आणि स्टार्टिंग, आणि कपॅसिटरमुळे स्टार्टिंगमधला करंट मेनच्या आधी टोकाला पोहोचतो. समजायला सोपं पडावं म्हणून दोन पोलची मोटर समोरून बघा. आधी स्टार्टिंग वाइंडिंगने उजवीकडे उत्तर ध्रुव केला, मग पाव चक्रानंतर मेनने वरच्या बाजूला केला. उत्तर ध्रुव उजवीकडून वर गेला, म्हणजे घड्याळाच्या उलट. रोटर त्याच्या मागे जातो.

प्लग फिरवला तर दोन्ही वाइंडिंगमधला करंट उलटतो. उजव्या हाताने बघा: आधी उत्तर ध्रुव डावीकडे, मग खाली. डावीकडून खाली, म्हणजे परत घड्याळाच्या उलटच. शिवाय पुरवठा स्वतःच सेकंदाला १०० वेळा हे करतोय, तुम्ही आणखी एकदा केल्याने काय होणार! फक्त स्टार्टिंगची दोन टोकं अदलाबदल केली तर मात्र आधी डावीकडे, मग वर. दिशा फिरली. नुसत्या मेनची केली तरी तेच.

हे कसं करायचं ते तुमच्या मोटरीतून किती वायरी बाहेर आल्या आहेत यावर आहे. चार असतील तर प्लग काढा, कपॅसिटर डिस्चार्ज करून घ्या आणि स्टार्टिंगची दोन टोकं बदला. तीनच असतील तर जोड आत आहे. दोन्ही वाइंडिंग अगदी सारख्या असतील, मीटरवर रेझिस्टन्स सारखा येत असेल, तर पुरवठ्याची वायर कपॅसिटरच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर नेली तरी काम होतं. रेझिस्टन्स वेगवेगळा असेल तर हा प्रयोग करू नका, स्टार्टिंग वाइंडिंग जळेल. मोटर परत रिवाइंडिंगवाल्याकडे न्या. आणि त्याला जोडणी उलगडायला सांगण्याआधी स्टेटर बॉडीत कोणत्या बाजूने बसलाय ते विचारा. वायरी शाफ्टच्या बाजूने निघायच्या त्या मागच्या बाजूने निघाल्या असतील, तर वाइंडिंग बिनचूक आहे, फक्त स्टेटर पालथा बसलाय. तो सुलटा करून बसवला की मोटर सरळ फिरेल.